लग्नाची जेवणावळ पेरणीपासून

तुळशीचे लग्न लागले की आमच्या सोलापूर जिल्ह्यात लग्नसराईचे वारे वाहू लागतात, आणि माझ्यासारख्या विस्तार अधिकाऱ्याची निम्मी गावभेट लग्नाच्या बोलण्यातच जाते. बियाणे, खत, फवारणी विचारून झाली की बांधावर बसलेला शेतकरी हळूच म्हणतो, "साहेब, औंदा पोरीचं उरकायचं म्हनतोय. ज्वारीला भाव काय ऱ्हाईल?" हा प्रश्न ज्वारीच्या भावाचा नसतो. कर्ज काढावे लागेल का, हे त्याला विचारायचे असते. दागिना, कपडा, मांडव यांवर घरात रात्र-रात्र खल होतो. जेवणावळीचा आकडा मात्र कोणी कागदावर मांडत नाही. तो वऱ्हाड गेल्यावर कळतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी काही आचारी नाही. पण माझ्या भाचीच्या लग्नाची जेवणावळ आम्ही घरच्या घरी केली, तिचा हिशोब माझ्या डायरीत आहे. त्यात काय जमले आणि काय फसले, ते दोन्ही सांगतो.

माझी थोरली बहीण मंगळवेढा तालुक्यात दिली आहे. दाजींची साडेसहा एकर जमीन. चार एकर काळी कोरडवाहू, अडीच एकराला विहिरीचे पाणी, तेही उन्हाळ्यात तासा-दीड तासाचे. २०२२ च्या जून महिन्यात भाचीचे जमले आणि लग्न पुढच्या मे महिन्यावर धरले. दाजींनी तालुक्याच्या गावी एका केटरिंगवाल्याला विचारून ठेवले होते. ताटाला २२० रुपये, सहाशे ताटे, म्हणजे १,३२,००० रुपये. सोसायटीचे पीककर्ज आधीच डोक्यावर होते. म्हणून ही रक्कम गावातल्या एकाकडून शेकडा तीन रुपये महिन्याने उचलायचे त्यांनी मनाशी ठरवले होते.

मी तिथेच ओसरीवर डायरी काढली. महिन्याला व्याज ३,९६० रुपये. वर्षाला ४७,५२० रुपये. मुद्दल आहे तिथेच.

"पाव्हणं, मग पोरीच्या लग्नाला मानसं उपाशी धाडायची व्हय?" दाजी जरा तडकूनच म्हणाले.

अक्का आतून बोलली, "उपाशी कशाला? कणगीत काय माती भरलीय?"

सगळी गोष्ट अक्काच्या त्या एका बोलण्यापासून सुरू झाली. मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुष्काळात बादशहाची कोठारे भुकेल्यांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे हे गाव. अशा ठिकाणच्या शेतकऱ्याने पोरीच्या लग्नातले अन्न व्याजाच्या पैशाने विकत आणावे, हे मलाही पटेना. आणि लग्नाला अजून अकरा महिने होते. अकरा महिन्यांत खरीपही येतो आणि रब्बीही.

पण पेरणीच्या आधी माणसे मोजली पाहिजेत. दाजींनी सहाशे ताटे अंदाजाने सांगितली होती. वही घेऊन घरटी नावे लिहायला बसलो, तर साडेनऊशे भरली. सगळ्या गावाला चूलबंद आवतण द्यायचे म्हटले तर यापेक्षा वेगळे काय होणार! मग तीन रात्री यादीवर घालवल्या. भावकी आणि शेजार चूलबंद, बाकी गावाला घरटी एक-दोन माणसे, आणि व्याह्यांना आधीच विचारून त्यांचे वऱ्हाड दीडशेवर बांधले. यादी पुन्हा सहाशेवर आली. चार घरे रुसली, हे खरे आहे. पण २०२० साली पन्नास माणसांत आणि २०२१ च्या एप्रिलात तर पंचवीस माणसांत लग्ने लागलेली आपण पाहिली. त्या जोडप्यांचे संसार काही अडले नाहीत.

आता पेरणी. तूर तर जून-जुलैत पडणारच होती, तिच्यातली तीस किलो तूर लग्नासाठी बाजूला काढायची ठरली. घरच्या जात्यावर भरडून तिची वीस किलो डाळ झाली. खरिपाचा भुईमूग होता, त्याच्या पंचवीस किलो शेंगा वाळवून ठेवल्या. इथे एक सांगतो. शेंगा हातात खुळखुळ वाजेपर्यंत वाळवा आणि फोडताना बुरशीचा, काळा पडलेला दाणा निवडून फेकून द्या. त्या बुरशीचे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. चटणीत तिखट-मिठाखाली तो दाणा कळतही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी पेरली, ती नेहमीचीच. तिची पंचाहत्तर किलो स्वच्छ ज्वारी वाळलेला लिंबाचा पाला घालून वेगळ्या पोत्यात ठेवली. विहिरीखालच्या रानात नोव्हेंबरात तीन गुंठे खपली गहू टाकला. तो हुग्गीसाठी. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर हे आमच्याकडे सांगावे लागत नाही, पण हा अंक नाशिक-जळगावाकडेही जातो, म्हणून लिहिले.

भाजीचे गणित तारखेवर चालते, आणि तिथेच नेमकी चूक होते. वांग्याची रोपे तयार व्हायला पाच-सहा आठवडे आणि लावल्यापासून पहिला तोडा यायला दोन-सव्वादोन महिने लागतात. म्हणजे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातल्या लग्नाला बी जानेवारीच्या मध्यावर वाफ्यात पडले पाहिजे. आम्ही मांजरी गोट्याची दोनशे झाडे लावली. उन्हाळी वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी छळते. मी कामगंध सापळे लावून दिले, वाळलेले शेंडे खुडायला सांगितले आणि पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवले. लग्नाच्या वांग्यावर कडक औषध मारून चार दिवसांत तोडणे मला मान्य नव्हते, आणि तुम्हीही करू नका. काकडी मार्चच्या मध्यावर टोकली. कांदा रब्बीचा घरात होताच. कोथिंबीर मात्र फसली. एप्रिलच्या उन्हात ती नीट उगवलीच नाही. वरून सावली करायला हवी होती, हे मी लोकांना सांगत फिरतो आणि घरच्या वेळी विसरलो. लग्नाच्या आदल्या दिवशी बाजारातून विकत आणली.

मार्च महिन्यात याद्या-बैठकीला व्याही आले, तेव्हा ताटात काय काय असेल ते सांगितले. हुग्गी, चपाती, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, आमटी-भात, काकडी-कांद्याची कोशिंबीर आणि ताक. मंडळी गप्प झाली. व्याह्यांच्या चुलत्यांनी विचारले, "लग्नात भाकरी वाढत्यात व्हय कुठं? पनीर न्हाई, गुलाबजाम न्हाई?" दाजींची मान खाली गेली. ती खाली गेलेली मान मी विसरणार नाही. पैसा वाचवण्याच्या नादात आपण त्यांचा मान तर घालवत नाही ना, असे क्षणभर मलाही वाटले.

त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले होते. ज्वारी-बाजरी खा, असे मी गावोगाव लाउडस्पीकरवरून सांगत होतो. तेच तिथेही सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात विहीणबाईच म्हणाल्या, "शेंगाचटणी हाय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या भाकरी. पनीर कुनाच्या दातात अडकायचं!" सगळे हसले आणि विषय मिटला. माझे भाषण तसेच राहिले, हे बरेच झाले.

कडक भाकरीची युक्ती अक्काची. आपल्याकडे पूर्वी नांगरटीला इर्जिक घालत, तशी तिने भाकरीची इर्जिक घातली. भावकी-शेजारची पंचवीस घरे धरली. लग्नाच्या आठ दिवस आधी घरटी तीन किलो पीठ मोजून दिले. प्रत्येकीने पातळ भाकरी थापून, मंद तव्यावर फडक्याने दाबत दाबत पूर्ण कडक करून चाळीस नग परत द्यायचे. एक हजार भाकरी झाल्या. फक्त दोन घरांच्या भाकरी थोड्या ओलसर होत्या, त्या वेगळ्या काढून त्याच दिवशी खाऊन टाकल्या. बाकी सगळ्या बांबूच्या दुरड्यांत कोरड्या धोतराच्या फडक्यात ठेवल्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या असत्या तर आतल्या आत घाम सुटून बुरशी आली असती. शेंगाचटणीही याच मापाने आधी कुटून झाली, दहा किलो दाण्यांची. लग्नाच्या दिवशी ज्या दोन जिन्नसांना विस्तव लागणार नाही, ते आठवडाभर आधीच घरात असणे ही फार मोठी सोय आहे.

बाकीची मापे शंभर माणसांमागे सांगतो, म्हणजे ज्याला त्याला आपल्या यादीप्रमाणे वाढवता येतील. हुग्गीला सडलेली खपली पाच किलो आणि गूळ पाच किलो. चपातीला कणीक पाच किलो, कारण जोडीला भाकरी होती. नुसत्या चपातीवर जेवण असेल तर दहा किलोच्या पुढे जाते. तांदूळ साडेसहा किलो, तूरडाळ सव्वातीन किलो, वांगी दहा किलो आणि त्यात दाण्याचे कूट एक किलो. तेल अडीच किलो पुरले, कारण ताटात पुरी, भजी असे तळण एकही नव्हते. तळण घातले की तेलाचा डबा कधी रिकामा झाला ते कळत नाही. ताकासाठी पाच लिटर दुधाचे दही.

सव्वातीन किलो डाळीची आमटी शंभर माणसांना पुरेल का, अशी दाजींना शंका होती. तिला उत्तर येसर. बार्शीकडे आणि मराठवाड्यात लग्नाआधी येसर दळतात. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, धने-मिरची-मसाल्यासह दळलेले हे पीठ. ते आमटीत पडले की आमटीला दाटपणा येतो, चव येते आणि डाळ वाढीस लागते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे काटकसरीसाठीच शोधले असावे, असे मला वाटते. आता मात्र लोक तिच्या चवीसाठीच ती मागून खातात.

हुग्गीचे दोन शब्द. गहू पूर्ण मऊ शिजल्याशिवाय गूळ घालू नका. आधी गूळ पडला की गहू तिथेच अडतो आणि मग कितीही जाळ घाला, दाताखाली टचटच लागतो. दूध काहिलीत ओतू नका. आम्ही दूध वेगळे उकळून गरम ठेवले, ज्याला हवे त्याने वरून घ्यायचे. गोडात दूध-खवा नको, हे मी सुरुवातीपासून धरून बसलो होतो. त्याला कारण आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका लग्नात मी पाहुणा होतो. मे महिना, दुपारी दोनचा मुहूर्त, तो लागायला चार वाजले. बासुंदी सकाळी सात वाजता करून मांडवामागे झाकून ठेवलेली होती. रात्री अकरापासून माणसे ओकायला लागली. बैलगाड्या, जीप, जे मिळेल त्यातून तालुक्याला नेली. सुदैवाने सगळी वाचली, पण नवरी मुलगी सासरच्या दारात पाऊल टाकते न टाकते तोच तिला बोल लागला. मलाही दोन दिवस सलाईन होते. तेव्हापासून लग्नाच्या ताटाकडे मी आधी घड्याळ बघून मग बघतो.

म्हणून आचाऱ्याला एकच अट घातली होती. शिजलेले अन्न दोन तासांत ताटात गेले पाहिजे, नाहीतर ते विस्तवावर वाफाळत राहिले पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. अशा उन्हात कोमट अन्न तासाभरातच बिघडायला लागते. भात रात्री करून ठेवायचा नाही. तो तीन घाण्यांत केला, पहिला मुहूर्ताच्या तासभर आधी आणि पुढचे गर्दी पाहून. आमटी चुलवणावरून खाली उतरवलीच नाही. ताक मातीच्या रांजणांत सावलीत ठेवले. ज्या घरांत जुनी पितळी पातेली आहेत, त्यांनी कल्हई उडाली असेल तर त्यात ताक, चिंच किंवा कोशिंबीर ठेवू नये. भांड्याचा कस त्यात उतरतो आणि पोटात ढवळते.

पाण्याचा टँकर सहा हजार लिटरचा मागवला. स्वयंपाक, पिणे, हात धुणे, भांडी मिळून माणशी दहा लिटर धरले होते, ते बरोबर निघाले. टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे, हे कोणी विचारत नाही. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे सहा हजाराला तीस ग्रॅम, बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत सोडली आणि अर्धा तास कोणाला नळ उघडू दिला नाही. ही पावडर ग्रामपंचायतीत असते. मागितली की मिळते.

वाढण्यावरून घरात वाद झाला. तरुण पोरांना बुफे हवा होता आणि म्हाताऱ्यांना पंगत. बुफेत माणसे पटापट जेवतात हे खरे, पण हाताने घेताना ताटात ढीग होतो आणि निम्मा टाकून दिला जातो. पंगतीत नासाडी कमी, पण सहाशे माणसांना चार पंगती आणि तीस वाढपी लागतात. शेवटी दोन्ही केले. मांडवात चार ठिकाणी मेजे लावली, पण डाव पाहुण्यांच्या हातात दिला नाही. भावकीतली पोरे मेजामागे उभी राहून वाढत होती. पहिल्यांदा थोडे, मग हवे तितक्या वेळा या. वयस्कर मंडळी आणि लेकुरवाळ्या बाया यांच्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात पंगत मांडली. ज्यांना दात नाहीत त्यांनी कडक भाकरी आमटीत चुरली, आणि सगळ्यात पोटभर तेच जेवले. थर्मोकोलच्या ताटांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आणले, ते नंतर खड्ड्यात टाकता आले.

पाऊण तासात सहाशेपैकी चारशे माणसे जेवून गेली. ताक मात्र अडीच वाजताच संपले. उन्हात माणूस दोन-दोन, तीन-तीन द्रोण पितो, हे मी धरले नव्हते. शंभराला पाच लिटरऐवजी आठ लिटरचे दही लावायला हवे होते. उलट हुग्गी दोन मोठी पातेली उरली. पुढच्या वेळी गोड थोडे कमी आणि ताक जास्त, असे डायरीत लाल शाईने लिहिले आहे.

आता हिशोब. भाव त्या वर्षीच्या आमच्या बाजाराचे. रोख खर्च असा झाला: आचारी आणि त्याचे दोन गडी ८,०००, भांडी आणि काहिलींचे भाडे ५,०००, गॅसच्या दोन मोठ्या टाक्या ३,६००, टँकर आणि पिण्याचे जार ३,०००, पत्रावळी-द्रोण ३,०००, नारळ-मसाला-कोथिंबीर ३,०००, तेल २,२५०, तांदूळ २,००० आणि गूळ १,५००. एकूण ३१,३५०. सरपण घरचे.

पण घरचे म्हणजे फुकट, असे मी कोणाला म्हणू देत नाही. ती ज्वारी, तूर, शेंगा, गहू, वांगी, कांदा, काकडी आणि दूध बाजारात नेले असते तर साधारण साडेचौदा हजार रुपये आले असते. तेही धरले म्हणजे सगळे मिळून सेहेचाळीस हजारांच्या आत, ताटाला शहात्तर रुपये. केटरिंगवाल्याच्या निम्म्याहून पुष्कळ कमी, आणि त्या सावकारी कर्जाच्या एका वर्षाच्या व्याजापेक्षाही दीड हजाराने कमी. पंचवीस घरांतल्या बायकांच्या भाकरीची आणि वाढणाऱ्या पोरांच्या घामाची मजुरी मात्र यात धरलेली नाही. ती रुपयांत फेडायची नसते, त्यांच्या घरच्या कार्याला जाऊन फेडायची असते. अक्काने गेल्या दोन वर्षांत सात घरांच्या भाकरी थापून दिल्या आहेत, अजून अठरा बाकी आहेत. ज्याला हे परत करायला जमणार नाही, त्याने सरळ मजुरीने बाया लावाव्यात. त्यातही ताट शंभराच्या पुढे जाणार नाही, असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती आमच्या खात्यापेक्षा गुरांच्या डॉक्टरांची आहे. लग्न झाले की उरलेला भात, चपात्या, गोड यांचे घमेले प्रेमाने गोठ्यात नेऊन ओतले जाते. कृपा करून असे करू नका. शिजलेले धान्य एकदम पोटात गेले की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढते, ते चारा सोडते, पोट फुगते, आडवे पडते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावते. लग्नघरची दुभती म्हैस अशी गेलेली मी दोनदा पाहिली आहे. म्हशीची किंमत जेवणावळीत धरली तर मग कोणता हिशोब पुरा पडायचा? आम्ही गोठ्याला दिवसभर एक पोरगा राखणीला बसवला होता. उरलेली हुग्गी गरम असतानाच डब्यांत भरून संध्याकाळच्या आत चूलबंद घरांत वाटली. ताटातले उष्टे पत्रावळींबरोबर खड्ड्यात शेण-मातीचे थर देऊन गाडले.

वऱ्हाड परत निघाले तेव्हा विहीणबाई टेम्पोतून उतरून पुन्हा मांडवात आल्या. सगळ्यांना वाटले, काहीतरी मानाचे राहिले. त्या अक्काच्या कानाशी लागल्या आणि म्हणाल्या, "वैनी, भाकरी उरल्यात का वो?" वीस-बावीस उरल्या होत्या. अक्काने त्या सगळ्या फडक्यात बांधून दिल्या, वर शेरभर चटणी. तीन आठवड्यांनी मृग निघाला, तेव्हा दाजी सोसायटीत जुने पीककर्ज भरून तुरीचे बियाणे घेऊन घरी आले होते.